दादाचं पंपिंग

माझ्या दोन्ही भावांना हार्ट अटॅक आला. धाकट्याला पुण्यात, थोरल्याला गावात. धाकटा आता रोज सकाळी टेकडी चढून येतो. थोरल्याचं वर्षश्राद्ध मागच्या महिन्यात झालं. मी मधला. दोन्ही वेळा मी तिथं हजर होतो, म्हणून हे मला सांगता येतं. आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

आमचं गाव वरवट बकालपासून सात-आठ किलोमीटर आत. घाटाखालचा मुलूख. जमीन काळीभोर, पाणी मात्र खारं. दादा शेती पाहायचा, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, आणि धाकटा इंजिनिअर होऊन पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. मला नोकरी लागली त्या दिवसापासून दादानं मला नावानं हाक मारली नाही. 'मास्तर' म्हणायचा. त्यात निम्मी चेष्टा आणि निम्मा अभिमान. धाकट्याला मात्र तो शेवटपर्यंत 'लहान्या'च म्हणत राहिला, त्याचे केस पांढरे झाले तरी.

दादा काही संत नव्हता. तापट होता. बांधाच्या भांडणावरून चुलतभावाशी सतरा वर्षं बोलला नाही. तंबाखू खायचा. पण अंगात ताकद अशी, की कापसाचं गाठोडं एकटा पाठीवर घेऊन गाडीत टाकायचा. दवाखान्याची पायरी तो चढला ती नेहमी दुसऱ्याला घेऊन. धाकटा सिगारेट ओढायचा, हे इथंच सांगून ठेवतो. कारण पुढं तंबाखूचा विषय सगळ्यांनी काढला, सिगारेटचा एकट्या दादानं.

धाकट्याचं आधी झालं. मुलीच्या कॉलेजच्या कामासाठी मी त्याच्याकडं पुण्याला गेलो होतो. रविवारची सकाळ. त्याच्या बायकोनं पोहे टेबलावर आणून ठेवले, मी दोन घास खाल्ले, आणि खालून वॉचमनचा फोन आला. गाडी पुसायला गेलेला माझा भाऊ पार्किंगच्या पायरीवर बसला होता. एक हात छातीवर गच्च धरलेला, सदरा घामानं चिकटलेला, तोंडातून शब्द निघत नव्हता. पहिल्या मजल्यावरच्या एक बाई धावत आल्या, त्यांनी त्याला एक गोळी चावून खायला लावली. त्यांच्या सोसायटीत म्हणे कोणीतरी येऊन हे सगळं शिकवून गेलं होतं. शेजाऱ्यानं गाडी काढली. रस्ता रिकामा. दोन सिग्नल, एक वळण, आणि दवाखाना आला.

तिथं त्याला स्ट्रेचरवर घेतलं आणि नाव विचारायच्या आधी छातीला वायरी लावल्या. मी काउंटरवर गेलो. घाबरलेला माणूस घरची बोली बोलतो. मी म्हणालो, "माह्या भावाले आत नेलं, मले काय करा लागते?" काउंटरवरची मुलगी माझ्याकडं पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, "काका, पेशंटबरोबर नीट मराठी बोलणारं आणखी कोणी आहे का?" तीस वर्षं मी मराठी शिकवत आलो होतो. मी पुस्तकातल्या मराठीत पुन्हा विचारलं. तिनं कागद पुढं केला, मी सही केली.

सहीची शाई वाळते न वाळते तोच, असंच मला आठवतं, डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "डावीकडची मोठी रक्तवाहिनी पूर्ण बंद होती. उघडली. स्टेंट टाकलाय. वेळेत आणलंत." दुपारी मी कपडे न्यायला घरी परतलो, तर पोहे टेबलावर तसेच झाकलेले. मी ते खाल्ले. विटलेसुद्धा नव्हते.

दुसऱ्या दिवशी दादा शेगावहून रेल्वेनं आला. पिशवीत ज्वारीचं पीठ आणि लिंबाचं लोणचं. धाकटा खाटेवर बसून पेपर वाचत होता. दादानं त्याचा हात उलटा-सुलटा करून पाहिला. मनगटावर एवढीशी पट्टी.

"इतकुशा भोकातून?" दादा म्हणाला. "बैलाले टोचतात त्यापरीस लहान हाये बे हे."

धाकटा हसला. दादाही हसला, आणि मग त्याला हुंदका आवरला नाही. बापाच्या अंत्यविधीला न रडलेला माणूस त्या वातानुकूलित खोलीत तोंडाला टॉवेल लावून रडला. डॉक्टर राउंडवर आले तेव्हा त्यानं डोळे पुसून विचारलं, "साहेब, हेच आमच्याकडं झालं असतं तर?"

"तिकडंही आता सगळं असतं, काका," डॉक्टर प्रेमानं म्हणाले. "फक्त वेळेत पोचायचं."

फक्त! खाताना दाताखाली खडा यावा तसा तो शब्द मला तेव्हाच लागला होता. पण भाऊ वाचला होता. त्या आनंदात कोण शब्द चघळत बसतो?

त्यानंतर दीड वर्ष गेलं नसेल. दिवाळीच्या सुट्ट्या संपत आल्या होत्या. मंगळवार. कापसाची वेचणी चालू होती, हरभरा नुकताच उगवून वर आला होता. सकाळी नऊच्या सुमाराला मी ओट्यावर बसून शाळेचे कागद लावत होतो. आमची घरं शेजारी-शेजारी. पाहतो तर दादा शेतातून पायी येतोय. मोटारसायकल शेतातच सोडून. दादा पायी आला हेच नवल होतं. तो आला आणि अंगणातल्या खाटेवर कलंडला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाई बे. पोटात आग पडून राह्यली. कालची मिरचीची भाजी बाधली."

"छातीत दुखते का?"

"नाई. इथं." त्यानं छाती संपते तिथं, पोटाच्या वर, मूठ ठेवली. "अन् ही दाढ ठणकून राह्यली."

कपाळावर घाम होता. सकाळी गारवा असलेल्या दिवसांतला घाम. मी तो पाहिला. वहिनीनं ओवा आणि गरम पाणी दिलं. मी घरात जाऊन सोड्याची पुडी आणली, पेल्यात टाकली, फसफसताना त्याच्या हातात दिली. मी दिली. पुण्यात पायरीवर बसलेला भाऊ ज्यानं डोळ्यांनी पाहिला होता, त्यानं दिली. धाकट्यानं छाती धरली होती, आणि दादानं पोट धरलं होतं, एवढाच काय तो फरक. माझ्या डोक्यात अटॅकचं चित्र पुण्याचं होतं.

त्याला ढेकर आली. आम्हाला तिघांनाही बरं वाटलं. अर्ध्या तासानं उलटी झाली. तेव्हा मी त्याला माझ्या मोटारसायकलवर मागं बसवून शेजारच्या मोठ्या गावात नेलं, आमच्या नेहमीच्या डॉक्टरकडं. मोटारसायकलवर! खड्ड्यांतून.

डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं, ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं आणि पडून राहायला सांगितलं. मी म्हणालो, "डॉक्टर, एक ईसीजी करता का?"

ते हसले. "मास्तर, तुम्ही मोबाईलवर लई वाचता. यांचं शरीर पाहा ना. असल्या माणसाले अटॅक येते का? गॅस हाये, गॅस."

मीही हसलो. का हसलो, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. शहाण्या माणसासमोर आपण अडाणी दिसू नये म्हणून असेल. ईसीजीचं यंत्र त्यांच्याकडं नव्हतंच, हे मला नंतर कळलं. नाही म्हणण्याऐवजी गॅस म्हणाले.

तिथं बाकड्यावर दादा तासभर पडून राहिला. मग त्याचा चेहरा राखेसारखा झाला. ओठ बदलले. मला म्हणाला, "मास्तर, हे भाजीचं नाई."

तिथून सरकारी दवाखाना. या वेळी एकाच्या बोलेरोतून; निरोप मिळताच वहिनीही येऊन पोचली होती. तिथं यंत्र होतं, सिस्टरनं लगेच ईसीजीची पट्टी काढली, पण वाचणारा डॉक्टर एकच आणि तो बाळंतपणात अडकलेला. पट्टी माझ्या हातात. मी ती उलटी धरली होती की सुलटी, तेही मला समजत नव्हतं. चाळीस मुलांना बाराखडी शिकवणारा मी, माझ्या भावाचा जीव त्या कागदावर लिहिलेला आणि मला एक अक्षर लागेना.

डॉक्टर आला. तरुण होता, हाताला अजून साबणाचा वास. त्यानं पट्टी पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं दादाला चार गोळ्या चावायला दिल्या, एक जिभेखाली. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, मोठा अटॅक आहे. केव्हापासून त्रास होतोय?"

"नऊपासून."

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. सव्वाबारा.

"गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं ना?" मी विचारलं. एवढं मी पुण्यात ऐकलं होतं.

"असतं. आमच्याकडचं संपलंय. मागणी पाठवलीये." हे बोलताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. "अकोल्याला न्यावं लागेल."

रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, यायला पाऊण तास. तो फोन करत राहिला, मी दारात उभा राहून रस्ता पाहत राहिलो. शेवटी तो बाहेर आला आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, मी तुमच्या जागी असतो तर थांबलो नसतो. पण बोलेरोत ऑक्सिजन नाही, रस्त्यात काही झालं तर… तुम्ही ठरवा."

तुम्ही ठरवा! पुण्यात मला कोणी काही ठरवायला सांगितलं नव्हतं. तिथं सही मागितली होती, बस. इथं भूगोलाच्या आणि मराठीच्या मास्तरानं ठरवायचं, की भाऊ ऑक्सिजनची वाट पाहत मरावा की ऑक्सिजनशिवाय रस्त्यात. मी बोलेरो ठरवली.

मागच्या सीटवर दादाचं डोकं वहिनीच्या मांडीवर. मी पाय धरून बसलो. पूर्णेच्या पुलाअलीकडं रस्त्याचं काम, एकच बाजू चालू. समोरून कापसाचे ट्रक, ट्रॅक्टर. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, खाली उतरून हात जोडत होता. एक ट्रॅक्टरवाला बाजूला झाला, दुसऱ्याला जागाच नव्हती. शेगावात एका दवाखान्यापाशी थांबलो. त्यांनी दारातच पट्टी पाहिली आणि हातानं अकोल्याची दिशा दाखवली. त्यांचीही चूक म्हणत नाही. त्यांच्याकडं ती सोय नव्हती. कोणाची चूक म्हणावी, हेच तर आयुष्यभराचं कोडं होऊन बसलं. जो तो आपापल्या जागी बरोबर होता. फक्त माझा भाऊ चुकीच्या जागी होता.

वाटेत दादा दोनदा बोलला. एकदा म्हणाला, "हरभऱ्याले पानी द्यायचं राह्यलं." दुसऱ्यांदा वहिनीला म्हणाला, "मांडी दुखत असन तुही. मले उठव." त्यानंतर तो बोलला नाही, नुसता मोठ्यानं श्वास घेत राहिला. वहिनी रडली नाही. ती पदरानं त्याचा घाम टिपत होती, पदर पिळत होती, पुन्हा टिपत होती.

अकोल्याला पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. तिथं मात्र पुण्यासारखंच सगळं. तसलीच खोली, तसलंच यंत्र, तसलीच मनगटातली सुई. तिथल्या डॉक्टरांनी जीव तोडून काम केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. तासाभरानं बाहेर आले आणि गोळ्यांच्या कागदाच्या पाठीवर त्यांनी मला हृदयाचं चित्र काढून दाखवलं.

"ही डावीकडची मोठी रक्तवाहिनी. पूर्ण बंद होती. उघडली."

तीच रक्तवाहिनी. एका आईच्या पोटची दोन पोरं, बंद पडली ती जागासुद्धा एकच.

"मग बरा होईल?" मी विचारलं.

डॉक्टरांनी चित्राचा मोठा भाग पेननं रेघा मारून काळा केला. "एवढा स्नायू रक्ताविना राहिला. सहा-साडेसहा तास. नळी उघडली तरी मेलेला स्नायू परत येत नाही. जगतील. पण पंपिंग खूप कमी झालंय."

पंपिंग. त्या दिवसापासून तो शब्द आमच्या घरात राहायला आला. धाकट्याचं पंपिंग पंचावन्न टक्के होतं, दादाचं पंचवीस आलं. गावात जो भेटायला येई तो खाटेशी बसून कापसाचा भाव विचारावा तसं विचारी, "पंपिंग किती आलं?" दादा एकाला तीस सांगायचा, दुसऱ्याला पस्तीस. सतरा वर्षं न बोललेला चुलतभाऊ आला, तेव्हा त्यानं पन्नास सांगितलं.

गाठोडं उचलणारा माणूस अंगणातून फाटकापर्यंत जाताना दोनदा थांबू लागला. पाय सुजायचे. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि राहायचा. पाणी मोजून, दिवसाला तांब्याभर. मीठ बंद. जिथं विहिरीचं पाणीच खारट, तिथं या माणसाच्या ताटात बिनमिठाचं वरण. जेवताना तो ताटाकडं असं पाहायचा, की वहिनी पाठ फिरवून बसायची. शेत बटईनं, निम्म्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला दिलं. दोन्ही मुली आपापल्या सासरी, त्या येऊन-जाऊन. दादा दिवसभर खाटेवर बसून रस्त्यावरून कोणाचा ट्रॅक्टर गेला ते आवाजावरून ओळखायचा.

उन्हाळ्यात धाकटा आला. फळांची करंडी, बिनमिठाची बिस्किटं, रक्तदाब मोजायचं यंत्र. दादा आत पडला होता. आम्ही दोघं ओट्यावर बसलो. धाकटा चार महिन्यांपासून मनात धरून बसलेलं बोलला.

"भाऊ, राग मानू नकोस. पण तू पुण्यात सगळं पाहिलं होतंस. घाम, जबडा दुखणं, ही लक्षणं आता शाळेतल्या मुलांनाही माहीत असतात. पहिल्या तासातच हलायला हवं होतं. आणि तू त्याला सोडा दिलास?"

तो खोटं बोलत नव्हता.

"आणि तंबाखू," तो म्हणाला. "किती वर्षं सांगतोय मी."

आतून दादाचा आवाज आला. धापा टाकत, पण जुना तापट आवाज. "लहान्या, इकडं ये."

आम्ही दोघं आत गेलो. दादा भिंतीला टेकून बसला होता.

"त्याले काऊन बोलून राह्यला? सोडा म्या पेलो. त्यानं नाई पेला."

"दादा, मी फक्त म्हणतोय की वेळेत…"

"तू सिगरेटी वढत होता का नाई?"

धाकट्यानं फळांची करंडी खाटेखाली सरकवली.

"वढत होता. तुले बी आला. तुह्या बिल्डिंगीपासून दोन सिग्नलवर दवाखाना होता म्हनून तू आज मले शिकवून राह्यला. माह्या घरापासून दोन सिग्नलवर काय हाये? सिग्नल तरी हाये का?" त्याला धाप लागली. तो थांबला, श्वास गोळा केला. "म्या काय पाप केलं बे? गावात राह्यलो एवढंच ना? कोनी तरी राह्यलंच असतं. तुम्ही दोघं शिकायले गेले तवा कोन राह्यलं?"

धाकटा खाली बसला आणि त्यानं दादाच्या सुजलेल्या पायांवर हात ठेवले. दादानं पाय ओढून घेतले. नंतर थोड्या वेळानं आपणच पुढं केले. पण त्या दिवसापासून दोघांत काहीतरी तुटलं ते तुटलंच. धाकटा दर रविवारी फोन करायचा. दादा फोन वहिनीकडं द्यायचा. "सांग त्याले, पंपिंग चांगलं हाये."

दसऱ्याच्या आधी, एका सकाळी, दहा वाजता दादा गेला. मी शाळेत होतो. वहिनी शेजारी बसून तूर निवडत होती. त्यानं तिच्याकडं ठेचा मागितला होता. गेले अकरा महिने तो रोज मागायचा आणि ती रोज नाही म्हणायची. त्या दिवशीही ती नाही म्हणाली. "ते काही बोलले नाई भाऊजी," ती मला म्हणाली, "नुसते हसले अन् मान टाकली. एक बोट ठेचा देला असता तर काय झालं असतं?" हे ती अजून विचारते. कोणतंही उत्तर दिलं तरी पुन्हा विचारते.

तेराव्याला एक म्हातारी आत्या मला म्हणाली, "बाप्पा, आयुष्यच तेवढं लिव्हलं होतं त्याचं." तिच्या तोंडून ते सांत्वन होतं. पण मला इतका संताप आला, की मी पानावरून उठलो. लिहिणाऱ्यानं पुण्याला बसून लिहिलं का? एकाच घरात, एकाच रक्तात, धाकट्याला भरपूर आणि थोरल्याला अकरा महिने असं देव लिहीत असेल, तर देवाकडं रस्त्यांचा नकाशा असला पाहिजे.

मी ग्रामसभेत उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणालो, ते इंजेक्शन सरकारी दवाखान्यात कायम असावं, पट्टी वाचणारा माणूस दिवसा तरी असावा, आणि असं लेखी द्या. ग्रामसेवकानं लिहून घेतलं. लोकांनी माना हलवल्या. एक जण म्हणाला, "मास्तर, तुमचं दुःख समजते." मी दुःख सांगत नव्हतो, मागणी करत होतो. पुढचा विषय मंदिराच्या सभामंडपाचा निघाला आणि सभेत एकदम जीव आला. तीन अर्ज मी वर पाठवले, त्यात पूर्णेच्या पुलाअलीकडचा रस्ताही घातला. एकाचं उत्तर आलं: आपली सूचना नोंदवण्यात आली आहे.

मग मी माझी तपासणी करून घेतली. दोन्ही भावांची हकीकत ऐकून अकोल्याच्या त्याच डॉक्टरांनी सगळ्या चाचण्या केल्या. मलाही त्याच जागी थोडं अरुंद आहे. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, "घाबरायचं कारण नाही. पण तुम्ही जवळपास राहिलात तर बरं."

मे महिन्यात मी निवृत्त झालो आणि जूनमध्ये अकोल्यात भाड्याचं घर घेतलं. गावात लोक विचारतात, का गेलात? मी सांगतो, बायकोचे गुडघे दुखतात, इथं डॉक्टर बरे आहेत. खरं कारण सांगायला जीभ उचलत नाही. भाषण करणारा मास्तर स्वतःचा जीव घेऊन पळाला. जो रस्ता सुधारावा म्हणून मी अर्ज लिहिले, तो रस्ता मी कायमचा ओलांडला आणि पलीकडं जाऊन राहिलो.

निघताना मी वहिनीला म्हणालो, "तुम्हीही चला." ती उंबऱ्यात उभी होती. म्हणाली, "जा तुम्ही, भाऊजी. मी इथं बरी हावो." तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

श्रावणात ती एक दिवस आमच्याकडं आली. बरोबर वांगी आणि शेवग्याच्या शेंगा. जेवण झाल्यावर ती गॅलरीत जाऊन उभी राहिली.

"तो दवाखाना कोन्ता?" तिनं विचारलं.

मी बोटानं दाखवला. औषधांच्या दुकानांच्या मागं, वरच्या दोन मजल्यांच्या काचा दिसतात. ती बराच वेळ तिकडं पाहत राहिली.

"इथून किती टाइम लागते?"

"चालत दहा मिनिटं."

तिनं मान हलवली. "बरं केलं," म्हणाली. मग आत जाऊन तिनं रिकाम्या पिशवीची घडी घातली, आणि राहायचं म्हणून आलेली ती, दुपारच्याच गाडीनं परत गेली.